बत्तीस नंबरचा हात

बत्तीस नंबरच्या हाताला बटण दिसलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास स्नेहल मगदूमनं हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. चाचणीत असं होतच असतं. रबरी बोट भलत्या जागी पडतं, नेट मध्येच रेंगाळतं, पान अर्धवट उघडतं. तिनं नोंद केली आणि तीच चाचणी पुन्हा लावली. बटण आलं नाही. मग तिनं ती दहा वेळा लावली. दहाही वेळा नाही.

मिरजेच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये तिची प्रयोगशाळा होती. लोखंडी रॅकवर एकशेवीस मोबाईल आडवे ठेवलेले, प्रत्येकावर एक छोटा कॅमेरा आणि धातूच्या दांड्याला बसवलेलं रबरी बोट. हे दांडे जयवंत लोहारनं बनवले होते. पूर्वी तो लेथवर पंपाचे भाग कातायचा, आता स्नेहलचा भागीदार होता. दिवसभर शेडमध्ये बारीक टकटक चालू असायची.

एखादं ॲप आतून कसं लिहिलंय, म्हणजे त्याचा सोर्स कोड, तो या प्रयोगशाळेला कधीच मिळत नसे. कंपन्या तो देत नाहीत. त्यामुळे इथलं यंत्र ॲपकडे बाहेरूनच पाहायचं. कॅमेरा स्क्रीन बघायचा. बटण कोणतं, रकाना कोणता, नुसतं चित्र कोणतं हे ओळखायचा. बोट त्यातलं काहीतरी दाबायचं. पुढं काय उघडलं ते पुन्हा कॅमेरा बघायचा. असं हजारो वेळा केल्यावर ॲपचा पुरता नकाशा तयार व्हायचा: कुठून कुठं जाता येतं, कुठं वाट बंद होते. अनोळखी घरात डोळे बांधून भिंती चाचपत फिरावं आणि शेवटी त्या घराचा आराखडा कागदावर काढून द्यावा, तसं ते काम होतं.

पण सगळी माणसं सारखीच दाबत नाहीत. म्हणून स्नेहलनं 'हात' जमवले होते. साठ स्वयंसेवक चार वर्षांपासून दर सहा महिन्यांनी येऊन तासभर मोबाईल वापरून जात. बोट काचेवर सेकंदाचा कितवा भाग टेकलं, उचलताना रेंगाळलं का, दोन स्पर्शांमध्ये किती वेळ गेला, हे सगळं नोंदलं जाई आणि रबरी बोट ते जसंच्या तसं गिरवी. स्वयंसेवकांची नावं एका बंद पाकिटात. बाहेर फक्त नंबर.

काम होतं 'निरामय' नावाच्या आरोग्यविम्याच्या ॲपचं. ग्राहकांच्या एका मंडळानं ते तपासायला दिलं होतं. ॲप सगळ्यांना सारखं वागवतं का, एवढाच प्रश्न. साठही हातांनी एकच अर्ज भरला: तेच वय, तीच उंची, तेच वजन, कुठलाही आजार नाही. सत्तावन्न हातांना शेवटी हिरवं बटण मिळालं, 'पॉलिसी घ्या'. नऊ, बावीस आणि बत्तीस या तीन नंबरांना मिळालं एक शांत निळं पान: 'धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' त्या तिघांसाठी दिलेल्या मोबाईल नंबरांवर आठवडाभरात एकही फोन आला नाही.

"मोबाईल बदलून बघू," जयवंत म्हणाला.

मोबाईल बदलले, नावं बदलली, वय तीसवर आणलं, गावं बदलली. निळं पान त्या तीन हातांच्या मागंमागं फिरत राहिलं. मग स्नेहलनं उलटा प्रयोग केला. तिनं एक निरोगी, तरुण हात घेतला आणि त्यात थोडा थोडा बिघाड मिसळला. नुसता वेग कमी केला, काही फरक पडला नाही. चुका वाढवल्या, तरीही नाही. मग बोट उचलण्याच्या वेळेत अगदी बारीक, डोळ्यांना कधीच कळणार नाही इतका अनियमितपणा घातला. एक वेळ अशी आली की हिरवं बटण गेलं आणि निळं पान आलं.

नऊ नंबरच्या स्वयंसेवकानं पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या अर्जात स्वतःहून लिहिलं होतं: 'मला पार्किन्सनचा आजार आहे.'

स्नेहलनं दुपारभर शोधनिबंध वाचले. पार्किन्सनमध्ये हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण थरथर फार उशिरा येते. मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींना लय देणाऱ्या पेशी त्याआधी कित्येक वर्षं मरू लागलेल्या असतात. निम्म्याहून जास्त गेल्या तरी माणूस वरवर धडधाकट दिसतो. बोटांची लय मात्र आधी बिघडते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. माणसाला ते दिसत नाही. काचेला समजतं. आणि काचेवरच्या स्पर्शाची वेळ कुठल्याही ॲपला बघता येते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

"म्हणजे बावीस आणि बत्तीसला..." जयवंत म्हणाला.

नियम असा होता की पाकीट दोघांच्या सहीशिवाय उघडायचं नाही आणि स्वयंसेवकांना तब्येतीबद्दल काही सांगायचं नाही. तसं त्यांच्याकडून लिहूनच घेतलं होतं. जयवंत घरी गेल्यावर स्नेहलनं एकटीनंच सही करून पाकीट उघडलं. बावीस: सुरेखा कोळेकर, वय सत्तावन्न, तासगाव. तिनं बोट खाली सरकवलं.

बत्तीस: डॉ. भरतेश मगदूम, वय त्रेपन्न, मिरज.

पहिल्या वर्षी माणसं कमी पडत होती म्हणून तिनंच नवऱ्याला गळ घातली होती. नंतर तो सवयीनं दर सहा महिन्यांनी येऊन जायचा. त्याचा नंबर कुठला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ती खुर्चीत बसून राहिली. बाहेर बोटं टकटक करत होती आणि त्यातलं एक त्याचं होतं.

भरतेश डोळ्यांचा सर्जन होता. धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातले चार दिवस मोतीबिंदूची ऑपरेशनं करायचा, दिवसाला आठ-दहा. कर्नाटकातून पेशंट येत ते त्याचं नाव घेऊन. डोळ्यातलं गढूळ भिंग फोडून काढायचं आणि त्यामागचा पडदा, केसाहून कितीतरी पातळ, त्याला धक्का लावायचा नाही, असं ते काम. त्याच्या हाताबद्दल दवाखान्यात लोक देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलनं एक गोष्ट केली. फडताळात मागं राहून खवट झालेल्या तुपाची बरणी तिनं त्याच्यापुढं धरली. "हे बघा हो, वास येतोय का याला?"

त्यानं पेपर बाजूला करून वास घेतला. "नाही. चांगलंय की."

झाकण काढल्यापासून तो वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला होता. घ्राणशक्ती जाणं हे पहिल्या खुणांपैकी एक, असं तिनं आदल्या दिवशी वाचलं होतं. तिनं बरणीचं झाकण लावलं, ती सिंकमध्ये ठेवली आणि नळ सोडून उगाचच हात धूत उभी राहिली. अक्षर बारीक होत जाणं ही दुसरी खूण, म्हणून दुपारी ती त्याच्या कपाटातल्या ऑपरेशनच्या वह्या घेऊन बसली. तो नोंदी अजून हातानं लिहायचा. पाच वर्षांपूर्वीच्या वहीत बिनरेघी पानावर एकोणीस ओळी होत्या. या वर्षीच्या वहीत सव्वीस. अक्षर तेच होतं, वळण तेच. फक्त लहान होत चाललं होतं आणि हे तिला किंवा त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

ती तशीच दवाखान्यात गेली. तो नुकताच ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन डबा उघडत होता. तिनं दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं: बटण, तीन हात, पाकीट, वह्या.

भरतेशनं पोळीचा तुकडा हातातच धरला होता. तो त्यानं डब्यात परत ठेवला.

"विमा विकणाऱ्या एका ॲपनं मला बटण दाखवलं नाही," तो म्हणाला, "म्हणून मला पार्किन्सन. असं म्हणायचंय तुला?"

"सकाळचं तूप खवट होतं."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तो रागावला आहे हे तिला कळलं, पण आजारावर नव्हे.

"ते तू मुद्दाम केलंस?"

"हो."

"तेवीस वर्षं संसार झाला आपला. सरळ विचारायचं होतंस, स्नेहल. तुझ्या रॅकवरचा मोबाईल आहे का मी?"

बाहेर पुढच्या पेशंटला आत घेतल्याचा आवाज आला. भरतेश उठला, बेसिनपाशी गेला आणि कोपरापर्यंत हात घासू लागला. मध्येच त्यानं नळ बंद केला. भिजलेले हात वर धरून तो तसाच उभा राहिला. मग त्यानं दाराकडं तोंड करून हाक मारली, "निलोफर."

डॉ. निलोफर मुजावर ही त्याची सहा वर्षांपासूनची सहकारी. त्यानं तिला फक्त सोप्या केसेस दिल्या होत्या. अवघड डोळा आला की तो स्वतः करायचा.

"आजचे उरलेले तीन तुम्ही करा," तो म्हणाला. "मला बरं वाटत नाही."

निलोफरनं एकदा त्याच्याकडं, एकदा स्नेहलकडं पाहिलं आणि "बरं सर" म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी भरतेश शांत झाला होता. तो शांत झाला की अधिक कठीण व्हायचा.

"हा पुरावा नाही," तो म्हणाला. "तू पाकीट उघडलंस आणि मग माझ्यात खुणा शोधल्यास. शोधल्या की सापडतातच. चाचणी आंधळी पाहिजे. कुणाचा हात कुठला, हे तुलाही ठाऊक नको, मलाही नको."

मग त्यानं स्वतःच ती आखली. चार वर्षांतली त्याची आठ स्पर्शमुद्रणं, म्हणजे बोटांच्या नोंदी, आणि दुसऱ्या निरोगी लोकांची चोवीस. सगळ्यांना नवे नंबर द्यायचे निलोफरनं, यादी तिच्याकडंच राहील. प्रत्येक हात 'निरामय'वर दहा वेळा चालवायचा. एवढं सांगायचं म्हणजे निलोफरला सगळंच सांगावं लागलं. ती ऐकून घेत राहिली, फक्त एकदा म्हणाली, "सर, थांबायचं तर आत्ताच थांबायला हवं. निकाल येईपर्यंत नाही." त्यानं मान हलवली. पुढचे दोन दिवस तो थिएटरमध्ये गेला नाही.

शुक्रवारी दुपारी तिघं शेडमध्ये टेबलाभोवती बसली. निलोफरनं यादी उलगडली आणि निकालाच्या कागदाशी एकेक ओळ जुळवत गेली. निरोगी चोवीस हातांना प्रत्येक वेळी हिरवं बटण मिळालं होतं.

"सरांचे पहिले तीन," ती म्हणाली, "दहापैकी दहा वेळा बटण आहे."

"चौथा?" भरतेशनं विचारलं.

"सहा वेळा आहे. चार वेळा नाही."

"पुढं सांगा."

"पाचव्यापासून एकदाही नाही सर."

चौथं मुद्रण दोन वर्षांपूर्वीचं होतं, पाचवं दीड वर्षापूर्वीचं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या हाताबद्दल ॲपला शंका होती आणि दीड वर्षापूर्वीच्या हाताबद्दल खात्री. भरतेशनं तो कागद घेतला, घडी घातली, उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"दीड वर्षात मी अडीच हजार डोळे उघडलेत," तो म्हणाला.

ते दोन दिवस तो दवाखान्याच्या वह्या उपसत होता. पडदा फाटल्याच्या केसेस त्यानं वर्षवार मोजल्या. वाढ नव्हती, एकही जास्त नाही. पण त्यानं दुसरा रकाना तिच्यापुढं सरकवला. एका ऑपरेशनला पूर्वी अकरा मिनिटं लागत. आता चौदा. "मला वाटायचं, हल्ली मोतीबिंदूच कडक येतात," तो म्हणाला. आणि मग हळूच, "पेशंटना दोष देत होतो मी."

पुण्यात न्यूरॉलॉजिस्टनं त्याला आत नेलं आणि स्नेहलला बाहेर बसवलं. मेंदूचा स्कॅन झाला. निदान तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर कुणी माझ्याकडं येत नाही. औषधं आहेत, नियमित कडक व्यायामानं हे पुढं ढकलता येतं, तुमच्यापुढं चांगली वर्षं आहेत. तुम्हाला हे कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. भरतेश म्हणाला, "बायकोच्या कामातून." येताना गाडी स्नेहलनं चालवली. सातारा मागं पडला. मग तो म्हणाला, "तुपाचं मनावर घेऊ नकोस." तिनं रस्त्यावरून नजर न काढता मान हलवली.

अहवाल मंडळाकडं गेला आणि आठवड्याभरात विमा कंपनीनं बैठक मागितली. ती ऑनलाइन झाली; स्क्रीनवर चार जण होते. त्यांत एक वकील आणि देवस्थळी नावाचे मुख्य तंत्रज्ञ. देवस्थळींनी अहवाल खरोखर वाचला होता. ते चार दिवस झोपले नसावेत असे दिसत होते.

"मॅडम, हे आम्ही कुणी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आम्ही यंत्राला जुन्या ग्राहकांची माहिती दिली आणि सांगितलं, पुढं जे फार आजारी पडले त्यांची ओळख शिक. कशावरून शिकायचं ते त्याचं त्यानं ठरवलं. तुम्ही सोर्स कोड मागितलात आणि आम्ही दिला नाही, पण दिला असता तरी तुम्हाला त्यात पार्किन्सन हा शब्द सापडला नसता. आम्हालाही सापडत नाही. तुम्ही बाहेरून बघितलंत म्हणून दिसलं."

"ते निळं पान आजवर किती लोकांना दिसलं?" स्नेहलनं विचारलं.

वकिलानं हात वर केला, पण देवस्थळी बोलून गेले होते. "एकेचाळीस हजार."

एकेचाळीस हजार माणसं, कुठल्या तरी गावांत, कामावर जाणारी, गाड्या चालवणारी, कदाचित कुणाचे डोळे तपासणारी.

"त्यांना कळवणार तुम्ही?"

"काय कळवायचं?" वकील म्हणाला. "आमच्याकडं निदान नाही. यंत्रानं त्यांना वेगळं का काढलं, याचं कारण कंपनीला ज्ञात नाही. जे ज्ञात नाही ते कळवण्याची जबाबदारी येत नाही."

देवस्थळी खाली बघत होते. बैठक संपली. मंडळानं ॲपवर बंदीची शिफारस केली, कंपनी कोर्टात गेली आणि प्रकरण तिथं पडून राहिलं. बंदी आली तरी त्या यादीतली नावं बाहेर येणार नव्हती.

त्या एकेचाळीस हजारांत नसलेलं, स्नेहलला ठाऊक असलेलं आणि अजून काहीच न कळलेलं नाव एकच होतं: बावीस नंबर, सुरेखा कोळेकर.

"सांगायचं नाही असा करार आहे," ती भरतेशला म्हणाली. "सुरेखाबाईंनी त्यावर सही केलीय. कुणाकुणाला असलं जाणून घ्यायचं नसतं. तो त्यांचा हक्क आहे."

"मला जाणून घ्यायचं होतं का, हे तू विचारलं होतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. "आधी त्यांनाच विचारू, ऐकायचंय का म्हणून. नाही म्हणाल्या तर परत येऊ. पण मी येतो तुझ्याबरोबर."

जयवंतला तिनं पाकीट उघडल्याचं सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ दांड्याला तेल देत राहिला. मग त्यानं पाकिटावर, तिच्या सहीशेजारी, मागच्या तारखेची नव्हे, त्या दिवसाची तारीख घालून सही केली.

तासगावच्या बाहेर बेदाण्याची शेड होती. वीस-पंचवीस बायका लांब टेबलांवर बेदाणे निवडत होत्या, काड्या आणि काळे दाणे बाजूला काढत. सुरेखा कोळेकर टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. स्नेहलला ओळखून त्या उठल्या, पदराला हात पुसत बाहेर आल्या. तिघं शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली.

"तुमच्या हाताच्या नोंदीत आम्हाला एक गोष्ट दिसली," स्नेहल म्हणाली. "तब्येतीची आहे. न सांगायचं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात तरच सांगेन."

सुरेखाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "एवढ्या लांब आलायसा म्हणजे बरी गोष्ट नसंल."

"नाही."

"सांगा की मग."

स्नेहलनं सांगितलं. सोप्या शब्दांत, न घाबरवता, पुण्याच्या डॉक्टरांनी व्यायामाबद्दल आणि औषधांबद्दल सांगितलेलं सगळं. ऐकून झाल्यावर सुरेखाबाईंनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला.

"मी पहिली दिवसाला सगळ्यांत जास्त निवडायची," त्या म्हणाल्या. "औंदा मागं पडायला लागले. मुकादमीण बोलली, आक्का, तुमचं ध्यान नसतंय. मलाबी वाटलं, नसंल ध्यान." मग त्या भरतेशकडं वळल्या. "तुम्ही डोळ्याचं डॉक्टर न्हवं? माझ्या जावेचं ऑपरेशन तुम्हीच केलंय. तुम्ही कसं आलासा?"

"मलाही तेच आहे," भरतेश म्हणाला.

निलोफर आणि स्नेहल सोडून बाहेरच्या माणसाला त्यानं हे पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"आन् ऑपरेशन?"

"बंद केली. आता शिकवतो."

सुरेखाबाईंनी खुर्ची जरा पुढं ओढली. "ते कसं बघत्यात, दाखवा मला."

त्यानं अंगठा आणि पहिलं बोट पुढं धरलं. "हे दोन एकमेकांवर आपटायचे. जितकं मोठं उघडता येईल तितकं उघडायचं, जितक्या भराभर येईल तितक्या भराभर. थांबायचं नाही."

"तुम्हीबी करा माझ्यासंगं."

दोघांनी समोरासमोर हात धरले. स्नेहल मोजू लागली. एक, दोन, तीन. शेडच्या दारातून दोन बायका डोकावून बघत होत्या. सुरुवातीला दोन्ही हात सारखे चालले, बोटं पुरी उघडत होती, लय जमली होती. आठपर्यंत सगळं ठीक होतं. अकराव्याला भरतेशचं बोट जरासं अडलं. बाराव्याला ते पुन्हा निघालं, पण आधीइतकं उघडलं नाही, आणि पुढच्या प्रत्येक वेळी थोडं थोडं कमी.

इतके दिवस तिनं ते आकड्यांत पाहिलं होतं, कागदावर पाहिलं होतं. डोळ्यांनी आत्ता पाहत होती. भरतेशनं मान वर केली नाही, हातही खाली घेतला नाही. सुरेखाबाईंची बोटंही आता आखडत चालली होती.

"मोजा की," त्या स्नेहलला म्हणाल्या. "थांबलासा का?"

"पंधरा," स्नेहल म्हणाली. "सोळा."